पाठीला माती

कोल्हापूरच्या तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच डाव शिकवत नसत. आधी हौदा उकरायचा. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मिसळलेली तांबडी माती पाणी पिऊन घट्ट बसलेली असे. ती खोऱ्याने मोकळी करताना तळहाताला फोड यायचे. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर थोरल्या पैलवानांबरोबर लढत. नवखा तिथे रोज पडायचा. मी तालमीतच वाढलो, म्हणून छातीठोक सांगतो, खरी विद्या हीच होती. पाठीला माती लागली की अंग झाडायचं आणि पुन्हा सलामी द्यायची. रुसायला जागाच नसे, कारण समोरचा हात पुढे करून उभा असायचा.

या विद्येला शाहू महाराजांनी राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं: मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठेही बसा, कुस्ती दिसणारच. एवढ्या लोकांदेखत चितपट व्हायचं आणि पुढच्या जत्रेत पुन्हा शड्डू ठोकायचा, याला नुसते दंड पुरत नाहीत.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट त्यांना नवी होती, नियमही परके. फ्लायवेट गटात ते सहावे आले. दुसरा कुणी तेवढ्यावर समाधान मानून गावी बसला असता. खाशाबांनी चार वर्षं मेहनत केली आणि वरच्या वजनगटात उतरले. हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. जपानच्या शोहाची इशींकडून आणि सोव्हिएत संघाच्या ममादबेयोव्हकडून हरूनही मिळवलेलं ते पदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरलं. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून खर्डेकरांचं देणं फेडलं. मला पदकाइतकीच ही गोष्ट मोठी वाटते.

आज पोरं आरशासमोर वजनं उचलतात. उचलू द्या, अंग कमावणं चांगलंच. पण आयाबापांनो, त्यांना तालमीतही धाडा, जिथे त्यांच्यापेक्षा तगडा कुणीतरी त्यांना रोज पाडेल.