ट्रेझरीतले कारकून आणि राष्ट्राध्यक्षांचा चेंडू

वॉशिंग्टनला फिरायला गेलेल्या कुटुंबाचा सुट्टीचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी व्हाइट हाऊस आणि त्याला खेटून असलेली ट्रेझरीची इमारत बघायची, दुपारी मेट्रोने नेव्ही यार्डला उतरायचे आणि नॅशनल्स पार्कवर बेसबॉलचा सामना बघायचा. सकाळचा राज्यकारभार आणि संध्याकाळचा खेळ यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कुणाला वाटत नाही. पण या जोडीची कुळकथा शोधत गेले की माग थेट ट्रेझरीच्या जिन्याशी येऊन थांबतो.

सर्वमान्य कथा 14 एप्रिल 1910 पासून सुरू होते. तीनशे पौंडांहून जड असलेले राष्ट्राध्यक्ष टाफ्ट प्रेक्षकांत बसले होते. तिथूनच त्यांनी हंगामाचा पहिला चेंडू फेकला. तो झेलला वॉशिंग्टनच्या पिचर वॉल्टर जॉन्सनने, आणि मग याच पठ्ठ्याने फिलाडेल्फियाला अख्ख्या सामन्यात एकच हिट दिली. वॉशिंग्टन 3-0 ने जिंकले आणि प्रथा पडली. त्याच सामन्यात सातव्या इनिंगला टाफ्ट आळस द्यायला उठले, त्यांच्या मानासाठी सगळे मैदान उभे राहिले, म्हणून सातव्या इनिंगला उभे राहायची रीत आली, अशी एक पुरवणीही जोडली जाते. ती निकालात काढायला एक पत्र पुरते. सिनसिनाटीच्या हॅरी राइटने सातव्या इनिंगला पाय मोकळे करणाऱ्या प्रेक्षकांचे वर्णन 1869 मध्येच लिहून ठेवले आहे. टाफ्ट तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते.

खरी मौज टाफ्टच्या त्या चेंडूच्या 45 वर्षे आधीची आहे. एप्रिल 1865 मध्ये लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन रातोरात राष्ट्राध्यक्ष झाले. श्रीमती लिंकन शोकात होत्या. त्यांना व्हाइट हाऊस सोडायला लावणे जॉन्सनना प्रशस्त वाटेना. तेव्हा अर्थमंत्री मॅक्युलॉक यांनी आपल्या दालनाशेजारची खोली जॉन्सनना दिली. सुमारे सहा आठवडे अमेरिकेचा कारभार ट्रेझरीच्या इमारतीतून चालला. दहा डॉलरच्या नोटेवर मागच्या बाजूला छापलेली इमारत ती हीच. तिच्या पूर्वेकडे 36 फूट उंचीचे 30 खांब ओळीने उभे आहेत. जॉन्सन यांची खोली आता त्या काळासारखी सजवून ठेवली आहे.

या इमारतीत तेव्हा कारकुनांचा सुळसुळाट होता. यादवी युद्धाचा खर्च, कागदी नोटा, कर्जरोखे, सगळ्याची खर्डेघाशी तिथेच चाले. शहरातला नॅशनल्स हा बेसबॉल क्लब 1859 मध्ये काढला तो अशाच सरकारी कारकुनांनी. व्हाइट हाऊसच्या दक्षिणेला पांढऱ्या कुंपणाचे एक मोकळे मैदान होते. युद्धात तिथे लष्कराची जनावरे ठेवत. कारकुनांना मात्र ते चेंडूफळीसाठी हवे होते. ट्रेझरीच्या दक्षिण दारातून बाहेर पडून उजवीकडे वळले की मैदान चार पावलांवर.

1865 च्याच ऑगस्टच्या अखेरीस फिलाडेल्फियाचा अ‍ॅथलेटिक आणि ब्रुकलिनचा अटलांटिक हे दोन नावाजलेले संघ पाहुणे आले. सामन्यांसाठी जॉन्सन यांनी सरकारी नोकरांना सुट्टी दिली, असे बेसबॉलचे इतिहासकार सांगतात. यजमानांची मात्र पार दाणादाण उडाली. अ‍ॅथलेटिककडून 87-12 आणि अटलांटिककडून 34-19 असा मार खाऊनही नॅशनल्सवाले पाहुण्यांना घेऊन 30 ऑगस्टला व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेले. खेळाडूंचा संघ तिथे गेल्याची ही पहिली नोंद मानतात. सुट्टी, सरकारी वास्तू आणि बेसबॉल हा त्रिवेणी संगम त्या तीन दिवसांत झाला.

यावर प्रतिपक्ष लगेच जपानचे नाव पुढे करील. 1908 मध्ये टोकियोत माजी पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांनी अमेरिकन पाहुण्यांविरुद्धच्या सामन्यात पहिला चेंडू टाकला, म्हणजे टाफ्टच्या दोन वर्षे आधी. चेंडू भलतीकडे गेला. वासेदा विद्यापीठाच्या फलंदाजाने वडीलधाऱ्यांची लाज राखण्यासाठी मुद्दाम हवेत बॅट फिरवली. जपानी फलंदाज आजही अशा वेळी तेच करतात. चेंडू टाकण्याच्या समारंभाचा मान ओकुमांना बिनतक्रार द्यावा. पण राज्यकर्ता बेसबॉलला सरकारी आशीर्वाद देतो, ही कल्पना 1865 ची आहे. सहा आठवडे त्याच कारकुनांच्या गराड्यात बसल्यामुळेच जॉन्सन यांचा हात सुट्टी देताना सैल झाला असणार. याला कागदोपत्री पुरावा नाही, पण तर्क घट्ट बसतो.

पुढची गंमत तर आणखी बोलकी आहे. आर्थर गोर्मन हा सेनेटमध्ये निरोप्या पोऱ्या म्हणून लागलेला माणूस. तो नॅशनल्समध्ये खेळला, राष्ट्रीय बेसबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला आणि अखेर सेनेटरही. 1867 च्या जुलैत क्लब पश्चिमेकडे गावोगाव खेळत हिंडला. संघातली कारकून मंडळी टाक टाकून बॅट धरायला गेली, तेव्हा कचेरीत त्यांचे काम कोण उपसत होते? उत्तराचा एक धागा जॉर्ज राइटच्या नावापुढे सापडतो. त्या काळातला हा अव्वल खेळाडू संघाच्या यादीत कारकून म्हणून दाखवला होता आणि कामाचा पत्ता होता 238, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू. त्या पत्त्यावर सार्वजनिक बाग होती. खेळाडूला पगार द्यायला बंदी असताना सरकारी मस्टर केवढे सोयीचे!

सगळ्याच कारकुनांना ही सोय मोकळी नव्हती. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचा मुलगा चार्ल्स ट्रेझरीत कारकून होता आणि अलर्ट व म्यूच्युअल या कृष्णवर्णीय क्लबांत खेळायचा. 1869 मध्ये अलर्टने गोऱ्या ऑलिंपिक क्लबशी सामना खेळला, तेव्हा शहरभर बोलबाला झाला. पुढे 1870 च्या दशकात व्हाइट हाऊससमोरचे ते मैदान कृष्णवर्णीय क्लबांना बंद झाले.