धुतलेल्या हातांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण 'पुरावा' या शब्दाची तात्त्विक बाजू पाहिली. आज तोच शब्द घेऊन रुग्णालयात जाऊ. नर्सिंगचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडलं की दोन विषय हमखास भेटतात: संसर्ग-नियंत्रण आणि पुराव्यावर आधारलेली परिचर्या. विद्यार्थी ते दोन वेगळे धडे म्हणून पाठ करतात. इतिहासात मात्र ते एकमेकांचा हात धरूनच आलेले आहेत.

व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कोणती बाई कुठे दाखल होणार हे वारावर ठरायचं, म्हणजे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखंच. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणांत ४५९ माता दगावल्या. दुसऱ्यात ३७५४ मध्ये १०५. शंभरात अकराहून जास्त, आणि शंभरात तीनाहूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांनी हे कोष्टक पाहिलेलं नव्हतं, पण कुठे जायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या विभागात घ्या म्हणून त्या हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस हे तिथले तरुण हंगेरियन सहायक. आम्हां तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना ते भेटतात कार्ल हेम्पेल यांच्या १९६६ च्या पुस्तकातून. गृहीतक कसं तपासावं याचा नमुना म्हणून. गर्दीमुळे मृत्यू होतात का? गर्दी दुसऱ्या विभागात जास्त. शहरातल्या दूषित हवेमुळे? हवा दोघांना एकच. घंटेसह येणाऱ्या पाद्र्याच्या धास्तीने? घंटा थांबवली, वाट बदलली, फरक नाही. बाळंतपणाच्या वेळी झोपवण्याची पद्धत? तीही बदलून पाहिली. एकेक कारण गळत गेलं.

मग १८४७ च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेचका वारले. शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. शरीरात जे बदल दिसले ते सूतिकाज्वराने मेलेल्या बायकांसारखेच. आता धागा सापडला. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत; सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे महिन्यात नियम झाला: क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा अठरा होतं. जूनमध्ये ते दोनच्या आसपास आलं. १८४८ च्या पूर्ण वर्षात ३५५६ मातांपैकी ४५ दगावल्या.

त्याच वर्षीच्या, म्हणजे १८४७ च्या ऑक्टोबरमधली एक घटना नर्सिंगच्या दृष्टीने फार मोलाची आहे. गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून झाल्यावर पुढच्या बायकांना तपासताना हात नुसते साबणाने धुतले गेले. त्या बारा जणींपैकी अकरा गेल्या. म्हणजे धोका फक्त प्रेताचा नव्हता, जिवंत रुग्णाच्या स्रावाचाही होता. हात दिवसातून एकदा नव्हे, प्रत्येक रुग्णामागे धुवायचे. आज जागतिक आरोग्य संघटना हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगते: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, शरीरस्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाच्या स्पर्शानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. या यादीचं मूळ त्या खाटेपाशी आहे.

इथे थोडं थांबू. स्वच्छतेची कल्पना आपल्या घराला नवी नाही. सोवळं-ओवळं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. पण सोवळ्याचा प्रश्न असतो, 'हात कुणाचा?' संसर्ग-नियंत्रणाचा प्रश्न असतो, 'हा हात आत्ता कुठून आला?' दोन्हींत पाणी आहे, पण तर्क अगदी उलटे आहेत. आणि हे सोवळं एकट्या आपल्याकडेच होतं असं समजू नका. डॉक्टर हे सभ्य गृहस्थ, तेव्हा त्यांचे हात स्वच्छच असणार, असं मानणारे प्राध्यापक त्या काळी पाश्चात्त्य देशांतही होते. व्हिएन्नातल्या आकड्यांनी नेमकं हेच मोडलं: मान मोठा असलेला हात जास्त घातक निघाला.

मग आकडे इतके बोलके असताना लोकांनी ऐकलं का नाही? एक तर 'का' याचं पटेल असं उत्तर नव्हतं. जंतूंचा सिद्धान्त अजून उभा राहायचा होता. दुसरं, सेमेलवाइस यांनी आपला ग्रंथ १८६१ मध्ये, फार उशिरा काढला. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

त्याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दुसरी वाट धरली. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीला पोचल्या. परिचारिका राबत होत्या, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये आरोग्य आयोग आला, गटारं साफ झाली, हवा खेळू लागली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. नुसती माया पुरत नाही, हा तिथला धडा. परत गेल्यावर विल्यम फार यांच्या मदतीने त्यांनी आकडे लावले आणि चित्ररूपाने मांडले: सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले. गंमत पाहा, रोग दूषित हवेने होतो हे त्यांचं मत चुकीचं होतं. पण मोजणं बरोबर होतं, म्हणून कृती बरोबर ठरली. कारण कळण्याआधीही परिणाम कळू शकतो.

पुराव्यावर आधारलेली परिचर्या म्हणजे संशोधनाचे कागद पाठ करणं नव्हे. उपलब्ध उत्तम संशोधन, परिचारिकेचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घेणं. यात एक अवघड जागा राहतेच. हात न धुता वॉर्डात शिरलेल्या वरिष्ठ डॉक्टरांना 'सर, आधी हात धुवा' असं म्हणायची सोय कालच रुजू झालेल्या सिस्टरला आहे का? जिथे नाही, तिथे पुरावा पुस्तकात आहे आणि वॉर्डात सोवळंच चालू आहे.

पुढच्या वेळी आपण लिस्टर यांच्याकडे वळू, आणि जंतू दिसू लागल्यावर 'का' या प्रश्नाचं काय झालं ते पाहू.