रक्स शर्कीतील शेला : एका शब्दाचा आणि एका तालमीचा इतिहास

१

इजिप्तमधील ज्या नृत्यास इंग्रजीत ‘बेली डान्स’ हे नाव रूढ झाले आहे, त्यात नर्तकी पुष्कळदा एक लांब, पातळ वस्त्र दोन्ही हातांत धरून रंगमंचावर येते. थोडा वेळ ते वस्त्र तिच्या पाठीमागे व सभोवार तरंगत राहते. मग ती ते बाजूस टाकते आणि पुढील सर्व नृत्य त्यावाचून करते. इंग्रजी लेखनात या वस्त्रास ‘व्हेल’ म्हणतात. व्हेल म्हणजे बुरखा, बुरखा म्हणजे जनानखाना, आणि बुरखा दूर करणे म्हणजे जनानखान्यातील गुपित उघडे करणे, अशी एक विचारमालिका त्या शब्दामागोमाग आपोआप येते. हे वस्त्रनृत्य अतिप्राचीन असून अंतःपुरातून बाहेर पडले असावे, हा सार्वत्रिक समज मुख्यतः या मालिकेवरच उभा आहे.

हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम शब्दांचा, नंतर युरोपीय वाङ्मय व रंगभूमी यांचा, आणि अखेरीस हे वस्त्र हाताळावयास कसे शिकवितात याचा विचार करावयाचा आहे. शिक्षणाच्या पद्धतीस इतिहासाचे साधन मानण्याची आपल्याकडे फारशी प्रथा नाही. परंतु ज्या कलेचे लेखी दप्तर तुटपुंजे असते, तिच्या बाबतीत ती पद्धतीच पुष्कळदा सर्वांत बोलका पुरावा ठरते.

२

नृत्याच्या नावापासून आरंभ करू. अरबीत यास ‘रक्स शर्की’, म्हणजे पौर्वात्य नृत्य, असे म्हणतात. जौनपूरच्या शर्की सुलतानांमुळे हे विशेषण इतिहासाच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाही. स्वदेशातील नृत्यास कोणी ‘पूर्वेकडचे’ म्हणत नाही. शेजारी पश्चिमेकडचे काही उभे राहिले म्हणजेच त्या नावास अर्थ येतो. घरगुती व लौकिक नृत्यास ‘बलदी’, म्हणजे आपल्या गावामुलखाचे, असा निराळा शब्द आहेच. तेव्हा ‘शर्की’ हे नावच रंगमंचीय रूपाच्या अर्वाचीनतेची साक्ष देते.

नर्तकीच्या नावाची कथा याहून उद्बोधक आहे. एडवर्ड लेन यांच्या इजिप्शियन लोकांच्या रीतिरिवाजांवरील १८३६ सालच्या ग्रंथात ‘आलिमा’ आणि ‘गाझिया’ यांत स्पष्ट भेद केला आहे. आलिमा ही मुख्यतः गायिका. थोरामोठ्यांच्या घरी स्त्रियांच्या दालनातून वा जाळीआडून ती गात असे. गाझिया ही उघड्यावर नाचणारी. आलिमा या शब्दाचा अर्थ ‘विदुषी’ असा आहे. आपल्याकडील ‘उलेमा’ आणि ‘तालीम’ हे शब्द त्याच धातूपासून आले आहेत. कुस्तीच्या आखाड्यास आणि नाटकाच्या सरावास मराठी मनुष्य एकाच शब्दाने तालीम म्हणतो, तोच हा धातू. फ्रेंच प्रवाशांनी मात्र हा भेद पुसून टाकला. त्यांच्या लेखनात ‘अल्मे’ म्हणजे नुसती नाचणारी स्त्री झाली. जेरोम या चित्रकाराने १८६३ साली रंगविलेल्या अल्मेच्या नृत्याच्या चित्रात विद्वत्तेचा मागमूसही उरलेला नाही. पुढे फ्रेंचमध्ये ‘उदरनृत्य’ हा शब्दप्रयोग रुळला, आणि इंग्रजी नाव हे त्याचेच भाषांतर होय. जिचे नाव विद्येवरून पडले होते, तिची ओळख पोटावरून होऊ लागली.

वस्त्रांच्या नावांचेही तसेच झाले. लेन यांच्या वर्णनात चार निरनिराळी वस्त्रे आढळतात. डोळ्यांखालचा चेहरा झाकून जवळजवळ पायांपर्यंत लोंबणारी पट्टी ती ‘बुर्कू’. आपला ‘बुरखा’ हा शब्द त्यापासूनच आला. डोक्यावरून पाठीवर जमिनीपर्यंत सोडलेले लांब वस्त्र ती ‘तरहा’. श्रीमंत स्त्रीने घराबाहेर पडताना अंगाभोवती घ्यावयाचे रेशमी आच्छादन ती ‘हबरा’, आणि सामान्य स्त्रीने त्याऐवजी वापरावयाची सुती चादर ती ‘मिलाया’. यांतील एक चेहरा झाकते, एक पाठीवर रुळते आणि दोन सर्वांग वेढतात. इंग्रजीतील एकाच शब्दाच्या पोटात या साऱ्यांची सरमिसळ होऊ शकते, आणि तशी ती झाली.

गाझियांविषयी लेन यांनी नोंदविलेली महत्त्वाची गोष्ट ही की, त्या रस्त्यावर उघड्या तोंडाने नाचत. त्यांच्या हातांत पितळी चकत्यांचे ‘सागात’, म्हणजे लहान टाळ, असत. बुरखा नसणे हीच त्यांची ओळख होती. मग तो दूर करण्याचे नृत्य त्यांच्यात परंपरेने आले, असे कसे म्हणता येईल? अल्जीरियातील नर्तकी हातांत रुमाल घेऊन नाचत, हे खरे. परंतु तो रुमाल होता, आच्छादन नव्हते.

३

मग हे आच्छादन आले कोठून? मुहंमद अली पाशाने १८३४ साली सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार करून दक्षिण इजिप्तमध्ये पाठविले. त्यामुळे गुस्ताव फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकारास १८५० साली कुचुक हानेमचे नृत्य कैरोत नव्हे, तर एस्ना येथे पाहावयास मिळाले. तिने केलेल्या ‘मधमाशी’ नावाच्या नृत्यात वस्त्रे उतरविण्याचा प्रकार होता, आणि ते तिला नाचावयास आवडत नसे, अशी नोंद त्याने केली आहे. त्या वेळी वाजविणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर लहानसे काळे फडके ओढण्यात आले आणि म्हाताऱ्या वादकाच्या डोळ्यांवर त्याच्याच पागोट्याची घडी उतरविण्यात आली. डोळे झाकणारे कापड त्या प्रसंगी नर्तकीच्या अंगावर नव्हते, वादकांच्या तोंडावर होते!

सत्तावीस वर्षांनी, १८७७ साली, फ्लोबेरने ‘हेरोदियास’ ही कथा प्रसिद्ध केली. तीत सालोमे डोके व छाती झाकणारे निळसर वस्त्र घेऊन येते आणि ते दूर सारून नाचू लागते. मूळ शुभवर्तमानांत नाचणाऱ्या मुलीचे नाव नाही, वस्त्राचा उल्लेख नाही. जोसेफस या इतिहासकाराने सालोमे हे नाव दिले आहे, पण नृत्याची कथा सांगितलेली नाही. नाव एकीकडचे, नृत्य दुसरीकडचे आणि वस्त्र फ्लोबेरचे. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्कर वाइल्डच्या फ्रेंच नाटकात एका वस्त्राची सात झाली. परंतु ते नृत्य कसे करावयाचे, याविषयी नाटककाराने एका त्रोटक रंगसूचनेपलीकडे काहीही लिहिलेले नाही. ही रिकामी जागा भरण्याचे काम इतरांनी केले. रिखार्ड श्ट्राउसच्या संगीतिकेचा पहिला प्रयोग ९ डिसेंबर १९०५ रोजी ड्रेस्डेन येथे झाला, तेव्हा मुख्य गायिकेने नाचावयास नकार दिल्यामुळे तिच्या जागी नर्तकी उभी करावी लागली. न्यूयॉर्क येथे १९०७ साली ती संगीतिका एका प्रयोगानंतर बंद पडली. तथापि या बंदीमुळेच सालोमेच्या नृत्याची साथ अमेरिकेतील नाट्यगृहांतून पसरली. लंडनमध्ये १९०८ साली मॉड ॲलनने तेच कथानक नाचून दाखविले.

याच काळात लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी पॅरिसमध्ये, १८९२ पासून, रेशमाचे प्रचंड घेर काठ्यांच्या साहाय्याने फिरवून त्यांवर रंगीत विजेचा प्रकाश पाडीत होती. तिच्या नृत्यात उघडे करावयाचे काहीच नव्हते. वस्त्राची गती हाच त्याचा विषय होता. सारांश, विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात वस्त्रनृत्याच्या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदत होत्या : एक अनावरणाची, दुसरी गतीची. यांपैकी कैरोने कोणती उचलली, हा खरा प्रश्न आहे.

४

बदिया मसाबनी या शाम देशातून आलेल्या नटीने १९२६ साली कैरोच्या इमादुद्दीन रस्त्यावर आपले नृत्यगृह काढले आणि १९४० साली ऑपेरा चौकात ‘कॅसिनो ऑपेरा’ उघडला. २६ जानेवारी १९५२ च्या कैरोतील प्रसिद्ध अग्निकांडास याच वास्तूपासून आरंभ झाला. लग्नघरच्या चौकात प्रेक्षक नर्तकीस वेढून, चार हातांवर बसलेले असतात. तेथे कमरेची बारीक हालचालही सर्वांस दिसते आणि दूर चालत जाण्यास जागाच नसते. बदियाच्या गृहात रुंद रंगमंच होता आणि प्रेक्षक एकाच बाजूस, लांबवर बसलेले होते. अशा ठिकाणी नर्तकीस मंच व्यापावा लागतो, दुरून दिसेल अशी आकृती उभी करावी लागते, आणि ते काम मुख्यतः बाहूंचे असते. जुन्या नृत्यात बाहूंना एवढे काम नव्हते. नव्या रंगमंचाने नर्तकीपुढे टाकलेली अडचण ती हीच.

बदियाच्या हाताखाली तयार झालेल्या नर्तकींत तहिया कारिओका आणि सामिया जमाल (१९२४–१९९४) या अग्रगण्य होत. वस्त्र घेऊन प्रवेश करण्याच्या प्रथेचा संबंध सामियाशी जोडतात. यासंबंधी पाश्चात्त्य नृत्यशिक्षिकांच्या परंपरेत एक कथा सांगतात ती अशी : राजा फारुकने आपल्या मुलींना बॅले शिकविण्यासाठी इव्हानोव्हा नावाची रशियन शिक्षिका ठेवली होती, तिने सामियाच्या बाहूंची ढब सुधारावी म्हणून तिच्या हाती वस्त्र दिले, आणि सरावासाठी दिलेले ते वस्त्र सामियाने रंगमंचावर आणले.

या कथेची छाननी केली पाहिजे. फारुकच्या तिघी मुलींचे जन्म अनुक्रमे १९३८, १९४० आणि १९४३ सालचे. १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घटना घडली असे मानले, तर थोरली राजकन्या जेमतेम पाच-सहा वर्षांची होते, आणि धाकटीचा तर प्रश्नच नाही. राजवाड्याचा हा तपशील कथेस भारदस्तपणा यावा म्हणून मागाहून जोडला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. परंतु तपशील लटका पडला म्हणून गाभाही लटका ठरत नाही. वस्त्र हे बाहूंच्या तालमीचे साधन होते, एवढाच तो गाभा आहे. आणि त्याची परीक्षा प्रत्यक्ष शिक्षणात डोकावून करता येते.

५

शिकण्याचे वस्त्र साधारणतः तीन वार लांब व सव्वा वार रुंद, रेशमाचे किंवा शिफॉनचे असते. त्याचा एक लांब काठ दोन ठिकाणी, अंगठा व पहिली बोटे यांच्या चिमटीत हलकेच धरावयाचा. पहिला पाठ नृत्याचा नसून चालण्याचा असतो : वस्त्र पाठीमागे धरून, बाहू पसरून, नुसते चालत जावयाचे. हे दिसते तितके सोपे नाही. कोपर खाली आले की वस्त्र लोळते व पायांत येते. मनगट आवळले की त्याची दोरी होते. घाई केली की ते अंगास चिकटते. शिक्षिकेने चूक सांगण्यापूर्वी वस्त्रच ती सांगून टाकते.

दुसरी गोष्ट वेळेची. हाताची हालचाल संपल्यानंतरही वस्त्र क्षणभर चालू राहते, कारण त्यास हवा उचलून धरीत असते. नवशिकी स्त्री ते हातांनी ओढावयास जाते. अनुभवाने तिला कळते की, ते ओढावयाचे नसते. हालचाल खांद्यापासून निघून कोपर, मनगट व बोटे यांतून उतरू द्यावयाची आणि मग थांबावयाचे. गिरक्या, अंगासमोर काढलेला आठाचा आकडा, वस्त्र डोक्यावरून पुढे घेऊन पुन्हा मागे नेणे, हे सारे या दोन धड्यांचे विस्तार होत. शेवटचा धडा सोडण्याचा. वस्त्र खाली टाकल्यावरही बाहू ते धरल्याप्रमाणेच राहिले पाहिजेत. तसे ते राहिले, तर तालीम पुरी झाली.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कैरोच्या पद्धतीत वस्त्र नेसलेले वा पांघरलेले नसते, हाती धरलेले असते. ते टाकून दिल्यावर नर्तकीचा पोशाख प्रवेशाच्या वेळी होता तोच राहतो; उघडे काहीच होत नाही. म्हणजे कैरोने उचलली ती गतीची कल्पना, अनावरणाची नव्हे. इजिप्शियन रंगमंचावर खरोखरीचे आच्छादन आले ते निराळ्या वाटेने : महमूद रेडा यांच्या १९५९ साली स्थापन झालेल्या नृत्यमंडळीने शहरी स्त्रीची मिलाया नृत्यात आणली, आणि तेथेही चादर लपेटण्याचा ठसका हा विषय आहे, ती फेडण्याचा नव्हे.

अमेरिकेत मात्र दुसरा प्रवाह येऊन मिळाला. १९६० नंतरच्या दशकांत तेथील उपाहारगृहांतून व नृत्यवर्गांतून जो क्रम रूढ झाला, त्यात नर्तकी वस्त्र अंगाभोवती गुंडाळून, पोशाखात खोचून येई आणि संथ संगीतावर ते उलगडत जाई. धरण्याच्या ठिकाणी खोचणे आले. या लहानशा फरकात वाइल्डची सालोमे परत आली, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि त्याच वर्गांतून, विशेषतः सॅनफ्रान्सिस्को येथील जमिला सलिमपूर (१९२६–२०१७) यांच्यासारख्या शिक्षिकांच्या परिश्रमाने, हालचालींना नावे मिळाली व पाठ लागले, हेही विसरता कामा नये.

६

मराठीत या वस्त्रास काय म्हणावे? ‘बुरखा’ म्हटल्यास सारा घोटाळा आपल्या भाषेत कायमचा येऊन बसेल. ‘पदर’ नेसत्या वस्त्राचा भाग. ‘ओढणी’ डोक्याखांद्यावरून घ्यावयाची. ‘शेला’ हा शब्द त्यातल्या त्यात निर्दोष वाटतो. शेला स्वतंत्र असतो, मिरविला जातो, आणि तो काढून ठेवल्याने कोणी उघडे पडत नाही.

शेवटी मूळ शब्दालाही न्याय दिला पाहिजे. इंग्रजी ‘व्हेल’ ज्या लॅटिन ‘वेलुम’पासून आला, त्याचे आच्छादन व जहाजाचे शीड असे दोन्ही अर्थ होते, आणि फ्रेंचमध्ये ते अद्याप आहेत. आपल्या बाजारातील ‘वायल’ हे साडीच्या कापडाचे नाव त्याच घराण्यातले. युरोपीय प्रेक्षकाने या शब्दाचा पहिला अर्थ घेतला आणि वस्त्राआड काय आहे ते तो शोधीत राहिला. शिकणाऱ्या स्त्रीस पहिल्याच दिवशी दुसरा अर्थ हातास लागतो : आपल्या हाती आहे ते शीड आहे, आणि त्यात वारा कसा भरावयाचा हे शिकावयाचे आहे. आलिमा या जुन्या नावातील विद्या कोठे टिकून असेल, तर ती या तालमीत आहे.