चोपन्न चाळीस, नाहीतर लढाई!



मुलीच्या अमेरिकन इतिहासाच्या पुस्तकात एक घोषणा भेटली: 'फिफ्टी-फोर फॉर्टी ऑर फाइट!' चोपन्न चाळीस, नाहीतर लढाई. ऐकायला झकास, पण चोपन्न काय आणि चाळीस काय? डॉलर? मतं? आपल्याकडे घोषणेला यमक लागतं, इथे नुसत्या 'फ'च्या अनुप्रासावर भागलंय.

उत्तर निघालं नकाशात. ५४ अंश ४० मिनिटे, उत्तर अक्षांश.

रॉकी पर्वताच्या पश्चिमेचा मुलूख, तेव्हाचा 'ऑरेगन कंट्री', १८१८ च्या करारानं अमेरिका आणि ब्रिटन दोघांनाही खुला होता. त्याची दक्षिण हद्द, ४२ अंश, अमेरिकेनं १८१९ मध्ये स्पेनशी ठरवली. उत्तरेला अलास्कात रशिया. तिथली रेघ १८२४ मध्ये ठरली, तीच ही ५४-४०. म्हणजे मागणी अशी की थेट रशियाच्या हद्दीपर्यंतचं सगळं आम्हाला द्या. आजच्या ब्रिटिश कोलंबियाचा दक्षिण भाग, व्हँकुव्हरसकट!

आता खरी गंमत. जेम्स पोक यांनी १८४४ ची निवडणूक याच घोषणेवर जिंकली, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. एडविन माइल्स या इतिहासकारानं १९५७ साली दाखवून दिलं की त्या प्रचारात ही घोषणा नव्हतीच. पक्षाच्या जाहीरनाम्यात सगळ्या ऑरेगनवर हक्क सांगितला होता हे खरं, पण घोषणा गाजली ती निवडणूक होऊन गेल्यावर, १८४६ च्या सुमारास. हा फरक मला किरकोळ वाटत नाही. कारण मग ते पोकचं आश्वासन राहत नाही, त्यांच्याच पक्षातल्या जहाल मंडळींनी त्यांच्यावर उगारलेला चाबूक ठरतो.

पोक स्वतः जुलै १८४५ मध्ये ४९ अंशांवर तडजोडीला तयार होते. ब्रिटिश वकील पॅकनहॅम यांनी तो प्रस्ताव लंडनला न कळवताच परस्पर नाकारला (काय म्हणावं!). पोक यांनी तो मागे घेतला आणि डिसेंबरात काँग्रेसकडे सामायिक ताबा संपवण्याची नोटीस मागितली. मग आरडाओरडा सुरू झाला.

खरं भांडण मात्र ५४-४० चं नव्हतंच. ते होतं कोलंबिया नदी आणि ४९ अंश यांच्या मधल्या पट्ट्याचं. हडसन्स बे कंपनीचा कातड्यांचा व्यापार त्या नदीवरून चाले. अमेरिकेला हवं होतं प्युजेट साउंडचं खोल बंदर, कारण कोलंबियाच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो आणि जहाजं फुटतात. सिअॅटल, टकोमा, रेडमंड, सगळं त्या पट्ट्यात! तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या चिनुक, सेलिश लोकांना कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच.

१३ मे १८४६ ला अमेरिकेनं मेक्सिकोशी युद्ध पुकारलं. एकाच वेळी दोन युद्धं कुणाला परवडणार? १५ जूनला ४९ अंशांवर सही झाली, व्हँकुव्हर बेट अख्खं ब्रिटनला, आणि सिनेटनं ४१ विरुद्ध १४ मतांनी करार मंजूर केला. उत्तरेकडचे डेमोक्रॅट मात्र भडकले. गुलामगिरीवाल्या टेक्साससाठी लढाई आणि ऑरेगनची वेळ आली की अर्ध्यावर समाधान? मेक्सिकोकडून मिळणाऱ्या मुलखात गुलामगिरी नको, असा विल्मट यांचा ठराव त्याच ऑगस्टमध्ये आला. त्यामागे हाही राग होता.

रेघ सरळ आखली, पण जमीन सरळ नव्हती. सॅन हुआन बेटांवर १८५९ मध्ये एका डुकराच्या हत्येवरून दोन्हीकडची फौज उतरली आणि निवाडा जर्मन सम्राटानं १८७२ मध्ये दिला. पॉइंट रॉबर्ट्स नावाचं एक टोकही रेघेखाली अमेरिकेत राहून गेलं. रस्त्यानं तिथे जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं. एच-वनवर असाल तर कॅनडाचा व्हिसा काढूनच निघा.