अकरावीसाठी लॅपटॉप : नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले, की मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. बहुतेक कुटुंबांत ही खरेदी एकदाच होते. अकरावीत घेतलेले यंत्र पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंत पुरावे आणि मधल्या काळात धाकट्या भावंडाचा गृहपाठ व घरातील बिलांचा भरणाही त्यावरच व्हावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे ते किमान चार ते पाच वर्षे उपयोगी राहायला हवे. दुकानात मात्र चर्चा होते ती ‘आय-३ की आय-५’ या एकाच प्रश्नाची. हा प्रश्न अपुरा आहे आणि काही वेळा दिशाभूल करणाराही.

गरज नेमकी किती, हे आधी पाहणे इष्ट. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्र विषयात पायथन ही भाषा आणि मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली शिकवली जाते. ‘इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात पायथनमधील पांडाज व मॅटप्लॉटलिब यांची भर पडते. ही सर्व साधने विनामूल्य असून साध्या यंत्रावरही सुरळीत चालतात. जेईई मेन परीक्षा संगणकावर होते, परंतु तो संगणक परीक्षा केंद्रातील असतो. उमेदवाराला तेथे माऊस आणि पडद्यावर दिसणारे अंकफलक एवढेच वापरावे लागते. त्यामुळे ‘स्पर्धा परीक्षांसाठी शक्तिशाली यंत्र लागते’ या विक्रेत्याच्या युक्तिवादात तथ्य नाही. विद्यार्थ्याच्या यंत्रावर खरा ताण येतो तो वेगळ्याच कारणाने : ब्राउझरमध्ये उघडी राहिलेली पंधरा-वीस पाने, त्यातच चालू असलेले चित्रफीत-व्याख्यान आणि बाजूला उघडलेली तीनशे पानी पीडीएफ.

हा ताण प्रामुख्याने रॅमवर पडतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी असली, तरी तेवढ्यात प्रणाली केवळ सुरू होते, काम होत नाही. आज ८ जीबी ही किमान मर्यादा मानावी आणि पाच वर्षांचा विचार असेल तर १६ जीबी. २०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांकडून मागणी वाढल्याने स्मृतिचिपांचे भाव जगभर चढले आणि १६ जीबीचे लॅपटॉप महागले. अशा वेळी ८ जीबीचे यंत्र घेऊन रॅम पुढे वाढवणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. मात्र त्यासाठी मोकळा स्लॉट असावा लागतो. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते आणि ती नंतर कोणत्याही किमतीला वाढवता येत नाही. विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

साठवणुकीच्या बाबतीत ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. सर्वांत स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीची ‘ईएमएमसी’ साठवण दिलेली असते. तिचा वेग एसएसडीच्या तुलनेत बराच कमी असतो, ती बहुधा बदलता येत नाही आणि ६४ जीबीची असेल तर विंडोजच्या अद्ययावतीकरणांनीच भरत येते. असे यंत्र विद्यार्थ्यासाठी घेऊ नये.

प्रोसेसरचे नाव कसे वाचावे

प्रोसेसरच्या नावात श्रेणी आणि क्रमांक असे दोन भाग असतात. जाहिरातीत श्रेणी ठळक असते, पण अधिक माहिती क्रमांकात असते. इंटेलच्या ‘आय-३ १२१५यू’ या नावातील १२ हा आकडा बारावी पिढी दर्शवतो. या प्रोसेसरला सहा कोअर आहेत. ‘आय-७ ५५००यू’ मधील पहिला ५ पाचवी पिढी सांगतो. तो २०१५ च्या सुमाराचा असून त्याला दोनच कोअर आहेत. म्हणजे येथे आय-३ हा आय-७ पेक्षा निःसंशय सरस ठरतो. जुन्या यंत्रांच्या बाजारात ‘आय-७, फक्त इतक्या हजारांत’ अशा पाट्या दिसतात, त्यामागचे रहस्य बहुतेक वेळा एवढेच असते. शेवटचे अक्षरही वाचावे : ‘यू’ म्हणजे कमी वीज घेणारा प्रोसेसर, तर ‘एच’ म्हणजे अधिक शक्तीचा, अधिक तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा.

एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत गोम आणखी बारीक आहे. तेथे पहिला आकडा बाजारात येण्याचे वर्ष दर्शवतो. प्रोसेसरची मूळ रचना किती नवी, हे तिसऱ्या आकड्यावरून कळते. ‘रायझेन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझेन ५ ७५३०यू’ ही नावे पाहणाऱ्याला जवळपास सारखीच वाटतात. परंतु पहिल्यातील २ म्हणजे झेन-२, ही २०१९ मध्ये आलेली रचना. दुसऱ्यातील ३ म्हणजे त्यानंतरची झेन-३. पहिल्याला चार कोअर, दुसऱ्याला सहा. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम मदरबोर्डवर जोडलेलीच असते. दोन्ही यंत्रांच्या खोक्यावर ‘रायझेन ५’ हेच मोठ्या अक्षरांत असते आणि ग्राहक तेवढेच पाहून पैसे मोजतो. दोन्ही कंपन्यांनी अलीकडे नामपद्धती पुन्हा बदलली आहे. इंटेलने नव्या प्रोसेसरच्या नावातून ‘आय’ काढून टाकला, तर सेलेरॉन व पेंटियम ही लॅपटॉपसाठीची नावे २०२३ पासून बंद करून त्या जागी नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे लिहिण्यास सुरुवात केली. एन१०० सारखे हे प्रोसेसर नववी-दहावीच्या कामास पुरतात. पुढील पाच वर्षांच्या भरवशाचे नाहीत.

बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे आहे म्हणून आताच स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घ्यावा, हा सल्लाही सर्रास दिला जातो. तो न ऐकलेला बरा. अशी यंत्रे बहुधा दोन किलोपेक्षा जड असतात, त्यांची बॅटरी लवकर उतरते आणि शाखा निश्चित होईपर्यंत ती दोन वर्षे जुनी झालेली असतात. ज्याला चित्रफीत-संपादन किंवा त्रिमितीय रचनेचे काम आजच करायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी.

जुना लॅपटॉप घ्यावा का

अंदाजपत्रक तोकडे असेल, तर एखाद्या कार्यालयातून बाहेर पडलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप हा वाईट पर्याय नाही. कार्यालयीन श्रेणीच्या यंत्रांच्या बिजागऱ्या व कळफलक मजबूत असतात आणि सुटे भाग सहज मिळतात. मात्र विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. काही विक्रेते ही अट चुकवून सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ११ बसवून देतात. अशा यंत्राला पुढील अद्ययावतीकरणे मिळतीलच, याची हमी नसते. आठव्या पिढीच्या ‘आय-५ ८२५०यू’ ला चार कोअर आहेत. खरेदीची खालची मर्यादा तेथे आखावी. जुन्या यंत्राची बॅटरी बदलावी लागणार, हे गृहीत धरून तो खर्च किमतीत मिळवावा.

घरात आधीच त्याहून जुना लॅपटॉप पडून असेल, तर लिनक्स बसवून तो आणखी काही वर्षे चालवता येतो. केरळमध्ये सरकारी शाळांचे संगणकशिक्षण ‘काइट’ या राज्य संस्थेने तयार केलेल्या मुक्त लिनक्स प्रणालीवर अनेक वर्षे चालू आहे. पायथन व मायएसक्यूएल तेथेही तितकेच उत्तम चालतात.

पडदा, वजन आणि वीज

पडदा १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा आणि आयपीएस पद्धतीचा असावा. स्वस्त टीएन पडद्यावर किंचित बाजूने पाहिले तरी रंग फिकट होतात. दुकानात यंत्र थोडे तिरके करून पाहिले की फरक लगेच कळतो. १५.६ इंची पडदा घरी सोयीचा, पण लॅपटॉप रोज शाळेत न्यायचा असेल तर १४ इंची घ्यावा. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. पन्नास किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा पाच किलो होते आणि १.८ किलोचा लॅपटॉप एकटाच त्यातील एक तृतीयांशाहून अधिक भाग व्यापतो.

बॅटरी ‘दहा तास चालते’ या दाव्याऐवजी तिचे वॅट-तास पाहावेत. साध्या कामात यंत्र सुमारे ७ वॅट वीज घेत असेल, तर ४२ वॅट-तासांची बॅटरी सहा तास पुरते. भारनियमन असलेल्या गावांत हा हिशेब महत्त्वाचा. टाइप-सी छिद्रातून चार्ज होणारे यंत्र असल्यास चार्जर बिघडला तरी दुसरा कोठेही मिळतो.

मराठी टंकलेखन

भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या कळांवर सहसा देवनागरी अक्षरे नसतात. परंतु विंडोजमध्ये मराठीचा कळफलक विनामूल्य उपलब्ध असून तो भाषेच्या सेटिंगमधून जोडावा लागतो. ‘सिंगल लँग्वेज’ आवृत्तीत पडद्यावरील सूचनांची भाषा बदलता येत नसली, तरी मराठी टंकलेखनास अडचण येत नाही. इनस्क्रिप्ट शिकणे श्रेयस्कर, कारण भारतीय लिप्यांसाठी अक्षरांची मांडणी तीच राहते : महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मुलाला हिंदी, गुजराती किंवा कन्नडही त्याच सवयीने लिहिता येते. ‘ल’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ळ’ उमटतो, ‘र’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ऱ’. त्याला हलन्त व ‘य’ जोडून ‘दऱ्या’ नीट लिहिता येते. युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेला प्रकल्प शिक्षकांच्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात उघडू शकतो, म्हणून ते टाळावेत.

लेखन व तक्त्यांसाठी लिबरऑफिस हे मुक्त साधन पुरते. लॅपटॉपसोबत ‘ऑफिस मोफत’ असे सांगितल्यास ते कायमचे आहे की वर्षभराचे, हे विचारून घ्यावे.

खरेदीच्या वेळी

काही राज्यांत विद्यार्थ्यांना सरकारी मदत मिळते. तमिळनाडूने २०११ मध्ये सरकारी व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी मोफत लॅपटॉपची योजना सुरू केली होती. मध्य प्रदेशात राज्य मंडळाच्या बारावीत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये बँक खात्यात दिले गेले आहेत. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांनी चालू वर्षाच्या अटी शाळेतून जाणून घ्याव्यात. ही रक्कम बारावीनंतर मिळते, हेही नियोजनात धरावे.

लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. बिलाविना ‘स्वस्तात’ देणारा विक्रेता हा कर वाचवल्याचे सांगतो, पण त्याबरोबर ग्राहकाचा तक्रारीचा आधारही जातो. खोक्यावरील निर्मितीचा किंवा आयातीचा महिना पाहावा आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी केव्हापासून मोजली आहे ते तपासावे. ती आधीच सुरू झालेली दिसल्यास बिल दाखवून तारीख दुरुस्त करून घ्यावी. पडणे व पाणी सांडणे यांचा अंतर्भाव साध्या वॉरंटीत नसतो. जवळचे सेवा केंद्र दुसऱ्या शहरात असेल, तर घरी येऊन दुरुस्ती देणारी वॉरंटी थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यंत्र प्रथम सुरू करताना दुकानदाराला त्याचे स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते वापरू देऊ नये. नव्या विंडोज यंत्रांत साठवलेली माहिती बहुधा आपोआप कूटबद्ध होते आणि ती परत उघडण्याची ४८ अंकी किल्ली पहिल्या खात्यात जमा होते. पुढे कधी बिघाडानंतर यंत्राने ती किल्ली मागितली आणि खाते अनोळखी माणसाचे निघाले, तर दोन वर्षांच्या टिपा व प्रकल्प गमवावे लागतात. खाते पालकांच्या वा विद्यार्थ्याच्या नावे उघडावे आणि किल्ली कागदावर उतरवून बिलासोबत ठेवावी.