तगरचे अक्षांश, तेरचे रेखांश

संगणकाच्या पडद्यावरील नकाशात ढोकीजवळचे तेर शोधून त्यावर बाण टेकवला, की अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे सहा-सात, कधी त्याहूनही अधिक आकड्यांनिशी हजर होतात. ब्राउझर बदलला की शेवटचे आकडे कधी थोडे हलतात आणि आमचे विद्यार्थी विचारतात, ‘खरा आकडा कोणता?’ वस्तुतः दशांशानंतरचा सहावा आकडा जमिनीवर जेमतेम ११ सेंटिमीटरांचा. तेर तर अख्खे गाव आहे.

या गावाला नकाशावर बसवण्याचा खटाटोप मात्र जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’चा ग्रीक लेखक सांगतो, की भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, तगरचे साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला येई. दुसऱ्या शतकात टॉलेमीने तगरला अंशांत बसवले. त्याची मोजणी अंशाच्या बाराव्या भागापर्यंत जाते. पण त्या मोजणीत तगर पडते पैठणच्या ईशान्येस! तेर प्रत्यक्षात आग्नेयेस, पैठणहून एक अंशाहून अधिक दक्षिणेला आहे. व्यापाऱ्यांच्या मुक्कामांचे दिवस अंशांत बदलले, त्यातही पृथ्वी खरीपेक्षा लहान धरली. आकडा बारीक झाला, जागा चुकली.

पुढे विद्वानांनी तगर कोठे कोठे नेले! विल्फर्डने देवगिरीला, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांनी धारूरला. स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवणाऱ्या शिलाहारांचे मूळ गाव कोणते, हा प्रश्न त्यात गुंतलेला होता. अखेर १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असे मांडले. त्यांना बळ मिळाले ते नावातूनही. तगर, तयर, तेर. मराठीच्या अध्यापकांना यात नवल वाटू नये. नगर, नयर, नेर ही वाट आपण अमळनेर-पिंपळनेर शिकवताना रोजच चालतो. (आणि तरी तेरपर्यंत आमच्यापैकी कोणी आधी पोचला नाही, हेही खरे.) पुढे तेथे सापडलेली हस्तिदंती मूर्ती आणि रोमन संपर्काच्या खुणा त्या नावाच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

आजचा आकडाही आधाराशिवाय अपुराच. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, तर संगणकावरील नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींतले आकडे सरळ एकमेकांवर ठेवले, तर भारतात ठिकाणानुसार शेकडो मीटरांपर्यंत फरक पडू शकतो. एकाच विहिरीचे दोन पत्ते होतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात! हा दोष ब्राउझरच्या माथी मारून चालणार नाही.

विद्यार्थ्यांसाठी नकाशा करताना आमचे घोडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. तेरची खूण रोवायची कोठे? त्रिविक्रम मंदिरावर, गोरोबाकाकांच्या समाधीवर, की तेरणेकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर? आमच्यात अजून एकमत नाही.