मॉलिन्यूचा प्रश्न आणि अनुभवाची साक्ष

ज्ञानाचा उगम अनुभवात आहे, हे जॉन लॉकचे मत सर्वपरिचित आहे. परंतु अनुभव स्वतः होऊन साक्ष देतो, की ती त्याच्याकडून विधिपूर्वक घ्यावी लागते? ह्या प्रश्नाचा उलगडा अनुभववादाच्या इतिहासातील एका प्रसिद्ध वादावरून होतो.

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने १६८८ मध्ये लॉकला पत्राने एक प्रश्न विचारला. लॉकने आपल्या मानवी आकलनविषयक निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यास स्थान दिले. एक जन्मांध मनुष्य एकाच धातूचे घन व गोल स्पर्शाने ओळखावयास शिकला आहे. त्यास एकाएकी दृष्टी लाभली, तर हात न लावता, केवळ पाहून, त्यांतील घन कोणता व गोल कोणता हे त्यास सांगता येईल काय? मॉलिन्यू व लॉक ह्या दोघांचेही उत्तर नकारार्थी होते. १७०९ मध्ये बर्कलीने त्यास दुजोरा दिला. उलट, समोरच्या वस्तू घन व गोल आहेत एवढे आधी सांगितल्यास तो मनुष्य बुद्धीने त्या ओळखू शकेल, असे लाइब्निट्सने प्रतिपादिले. त्याचा ग्रंथ मात्र १७६५ पर्यंत अप्रकाशित राहिला.

लक्षात घेण्याजोगे हे, की अनुभववाद्यांचे उत्तरही प्रारंभी अनुमानावरच आधारलेले होते. प्रत्यक्ष पुरावा १७२८ मध्ये आला. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम चेसेल्डन ह्यांनी एका अंध मुलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली होती. त्या मुलास प्रथम कोणत्याही वस्तूचा आकार कळेना. सर्व वस्तू आपल्या डोळ्यांस चिकटल्या आहेत असे त्यास वाटे. १७३८ मध्ये व्होल्तेरने हा वृत्तांत लॉक-बर्कलीपक्षाचा निर्णायक पुरावा म्हणून पुढे केला. तथापि १७४५ मध्ये ला मेत्रीने मार्मिक आक्षेप घेतला : नुकत्याच उघडलेल्या डोळ्यास सावरावयास अवधी मिळाला नसेल, किंवा प्रश्नकर्त्यांनी स्वतःस हवे तेच त्या मुलाकडून वदवून घेतले असेल.

ह्या आक्षेपाच्या पूर्वार्धास समर्पक उत्तर मिळावयास अडीच शतकांहून अधिक काळ जावा लागला. भारतात दृष्टी लाभलेल्या, ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहिलेली वस्तू पुन्हा पाहून ओळखणे त्यांस उत्तम साधले. म्हणजे डोळा निकामी नव्हता. स्पर्शिलेली वस्तू पाहून ओळखण्यात मात्र त्यांचे यश योगायोगाहून फारसे अधिक नव्हते. तरीही पुन्हा तपासलेल्या मुलांत ही क्षमता काही दिवसांतच वाढलेली आढळली.

तेव्हा लॉकचा नकार बव्हंशी खरा ठरला. पण इतके शीघ्र शिक्षण कोणत्या पूर्वसिद्ध शक्तीच्या बळावर होते, हा लाइब्निट्सपक्षीयांचा प्रश्न शिल्लक राहिलाच. चेसेल्डनचा वृत्तांत खोटा नव्हता. उणीव होती ती डोळ्याच्या दोषाची शक्यता वगळणाऱ्या तुलनेची. ज्ञान अनुभवातून येते असे म्हणणाऱ्यास अनुभव कसा तपासावा हेही सांगावे लागते, आणि ती तपासणी केवळ अनुभवाने सिद्ध होत नाही.